फुलवेली : खानदेशातील घरगुती जोपासना

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत अंगणात, कुंपणावर किंवा गच्चीवरच्या कुंड्यांत मधुमालती, जाई, जुई, कृष्णकमळ, गोकर्ण, बोगनवेल, अलामांडा, संक्रांतवेल अशा वेली हौसेने लावतात. बहुतेक वेली उष्ण कटिबंधातल्या, तेव्हा खानदेशचे ऊन त्यांना सोसेलच, असे अनेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या दिवसांत वेलीला नुसत्या उन्हापेक्षा कोरड्या झळा आणि तापलेली भिंत जास्त नडते. पश्चिमेकडची सिमेंटची भिंत रात्री उशिरापर्यंत धग सोडत असते. तिथे बोगनवेल तेवढी टिकते. जाई-जुई आणि कृष्णकमळ पूर्वेच्या बाजूला लावावे, म्हणजे सकाळचे ऊन मिळते आणि दुपार टळते.

खरी अडचण असते ती काळ्या मातीची. ही माती पाणी धरून फुगते, वाळली की भेगाळते आणि भेगा पडताना बारीक मुळे तुटतात. त्यामुळे हातभर खोल खड्ड्यात निम्मी गाळाची माती, बाकी नदीची रेती आणि कुजलेले शेणखत भरणे बरे. वर केळीचा वाळलेला पाला किंवा उसाचे पाचट अंथरले की ओल टिकते. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या पाल्याला तोटा नाही.

उन्हाळ्यात दुपारी पाने मलूल होऊन लोंबतात. ती संध्याकाळी पुन्हा ताठ झाली, तर वेल तहानलेली नाही. तरीही घाबरून दिवसातून दोनतीनदा पाणी घातले जाते आणि मुळे कुजतात. बोट दोन पेरे मातीत घालून बघावे. ओल लागली तर पाणी नको. पाणी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर द्यावे. दुपारी नळी उघडली, तर उन्हात पडलेल्या नळीतले पहिले पाणी चटका बसावा इतके तापलेले असते. कुंड्यांना बारदान गुंडाळून वर हिरवी जाळी बांधली, तर मे निभावतो.

पुष्कळ गावांत बोअरचे पाणी जड आणि माती चुनखडीची. त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळे पान पिवळे पडते, शिरा मात्र हिरव्या राहतात. यावर युरिया टाकणे व्यर्थ. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस मिसळून सकाळी लवकर किंवा सायंकाळी पानांवर फवारावे. आठवड्याने पुन्हा एकदा.

छाटणीचे गणित प्रत्येक वेलीचे वेगळे. जाई-जुईला नव्या फुटव्यांवर फुले येतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत निर्धास्त छाटावे. बहर पावसाळ्यात, कानबाईच्या (श्रावणातल्या खानदेशी सणाच्या) दिवसांच्या आसपास मिळतो. संक्रांतवेल नावाप्रमाणे हिवाळ्यात केशरी होते. तिची छाटणी बहर सरताच करावी. पावसाळ्याच्या अखेरीस छाटली, तर त्या वर्षी नुसती पाने बघावी लागतात. बोगनवेलीला लाड मानवत नाहीत. पाणी तोडून थोडा ताण दिला की ती रंगते. रंगीत दिसतात ती खरे तर पाने. फूल म्हणजे त्यांच्या मधली बारीक पांढरी नळी. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल होते. त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. तिचा पसारा मोठा, पत्र्यावर चढवली तर दरवर्षी कात्री लागतेच.

गोकर्णाचे काम सोपे. मृगात बी टोचावे आणि आधाराला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रोवाव्यात. ही शेंगवर्गी वेल आपले नत्र बरेचसे आपणच मिळवते, त्यामुळे खताचा खर्च नाही. जाई-जुईसाठी दाब कलम सर्वांत खात्रीचे: जमिनीलगतची फांदी मातीत दाबून पावसाळाभर ठेवावी आणि मुळ्या धरल्या की तोडून घ्यावी.

धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत एखाद्या रात्री पारा ५-६ अंशांवर येतो. अलामांडाची पाने तेव्हा गळतात. पाणी कमी करून थांबावे, फाल्गुनात फुटवे येतात. तिचा पांढरा चीक त्वचेला बाधतो, म्हणून छाटताना हातमोजे घालावेत. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) दिसला, तर लिटरला ५ मिलि निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी पानांच्या खालून मारावे. कृष्णकमळावर काटेरी अळ्या पाने फस्त करतात. त्यांची नारिंगी फुलपाखरे होतात. ज्यांना फुलपाखरे हवीत ते फवारत नाहीत, आणि वेल पाऊस पडताच पुन्हा भरते.