सेकंदाला नऊ सेंटीमीटर

पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तीही सूर्याला ओढत असते हे सहसा लक्षात येत नाही. या ओढीने सूर्य डुलतो तो सेकंदाला जेमतेम ९ सेंटीमीटर वेगाने. रांगणारं मूलसुद्धा याहून भरभर जातं. गुरू त्याला सेकंदाला सुमारे १२.५ मीटर डुलवतो. परक्या ताऱ्यांभोवतीचे खडकाळ ग्रह शोधणाऱ्यांची सारी धडपड या दोन आकड्यांमधली.

तारा आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जाताना तांबड्याकडे. गुरूहून जड ग्रह ताऱ्याला अगदी खेटून फिरत असेल तर तो अशा मोजणीत सापडायला हवा, असं खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

अडचण मोजपट्टीची होती. स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे प्रकाशाचा वर्णपट टिपणारं उपकरण, दुर्बिणीलाच जोडलेला असे आणि दुर्बीण कलली की स्वतःच्या वजनाने किंचित वाके. शिवाय ताऱ्याचा प्रकाश एका वाटेने यायचा, तुलनेसाठी लावलेल्या दिव्याचा दुसऱ्या. ब्रूस कॅम्पबेल आणि गॉर्डन वॉकर या कॅनेडियन जोडीने ताऱ्याच्या प्रकाशाच्या वाटेतच वायूची कुपी ठेवली, म्हणजे वायूच्या रेषा ताऱ्याच्या रेषांवरच उमटतात. वायू होता हायड्रोजन फ्लोराइड : विषारी, काच खाणारा आणि तापवत ठेवावा लागणारा. ही कुपी घेऊन ते १९८० पासून बारा वर्षं हवाईतल्या दुर्बिणीवर जात राहिले. अचूकता सेकंदाला १५ मीटरच्या आसपास आली, खात्रीचा ग्रह मात्र एकही मिळाला नाही. गॅमा सेफेई ताऱ्याजवळ १९८८ मध्ये त्यांना संशय आला होता, तो त्यांनी स्वतःच मागे घेतला. २००३ मध्ये तिथे खरंच ग्रह निघाला. या शोधाच्या इतिहासात त्यांची आठवण ओझरती निघते, हे मला नेहमी खटकतं.

पुढे जेफ्री मार्सी आणि पॉल बटलर या अमेरिकनांनी त्या विषारी वायूऐवजी आयोडीन वापरलं. मिशेल मायोर आणि दिदिए केलो या स्विस जोडीने वेगळी वाट धरली : उपकरण दुर्बिणीपासून दूर, स्थिर जागी ठेवायचं आणि प्रकाश फायबरमधून, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून, आणायचा. दक्षिण फ्रान्समधल्या त्यांच्या 'एलोडी' या स्पेक्ट्रोग्राफने १९९५ मध्ये ५१ पेगासी तारा सेकंदाला ५० मीटरहून जास्त डुलताना पकडला. ग्रहाची फेरी फक्त ४.२ दिवसांची. गुरूसारख्या बारा वर्षांच्या फेरीची वाट पाहणाऱ्यांना हा आकडा चुकीचा छापलाय की काय असंच वाटलं असणार. मार्सी आणि बटलर यांनी काही दिवसांतच दुजोरा दिला.

खडकाळ ग्रहांचं दार उघडलं ते २००३ मध्ये, चिलीतल्या ला सिया वेधशाळेतल्या 'हार्प्स' या स्पेक्ट्रोग्राफने. सेकंदाला १ मीटर वेग म्हणजे डिटेक्टरवर रेष पिक्सेलच्या साधारण हजाराव्या भागाने सरकणं. तापमान वा हवेचा दाब किंचित बदलला तरी ती तेवढी सरकते. म्हणून अख्खा स्पेक्ट्रोग्राफ निर्वात टाकीत बंद, तापमानातला चढउतार अंशाच्या शंभराव्या भागाइतका. दोन फायबर, एकात तारा, दुसऱ्यात थोरियमचा दिवा; रात्रभरात उपकरण किती सरकलं ते दिवा सांगतो. प्रॉक्सिमा सेंटॉरीभोवतीचा ग्रह २०१६ मध्ये जाहीर झाला, त्यातही हार्प्सच्या मोजण्यांचा मोठा वाटा होता. तिथलं डुलणं सेकंदाला सुमारे १.४ मीटर.

याच उपकरणाने एकदा चकवलंही. २०१२ मध्ये अल्फा सेंटॉरी बी भोवती पृथ्वीएवढा ग्रह जाहीर झाला, डुलणं सेकंदाला अर्धा मीटर. तीन वर्षांनी त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली आणि कळलं, की तो संकेत निरीक्षणांच्या वेळापत्रकातून आणि ताऱ्याच्या स्वतःच्या हालचालींतून निपजला होता.

तेव्हापासून संशयाची सुई उपकरणावरून ताऱ्याकडे वळली. चिलीतल्याच पारानालवरचा 'एस्प्रेसो' हा स्पेक्ट्रोग्राफ २०१७ मध्ये सुरू झाला तो सेकंदाला १० सेंटीमीटरचं लक्ष्य ठेवून. कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावरच्या रेषा देणाऱ्या 'लेझर कोंब'मुळे तुलनेच्या दिव्याची भानगडही बरीच मिटली. पण ताऱ्याचा पृष्ठभाग उकळत असतो, त्यावर डाग येतात-जातात, आणि या गडबडीचा वेग पृथ्वीच्या संकेताच्या कित्येक पट असतो.

म्हणून स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या 'हार्प्स-एन' या हार्प्सच्या भावंडाला २०१५ पासून दिवसाही काम आहे. छपरावरची एक छोटी दुर्बीण त्याला सूर्यप्रकाश पुरवते, आणि तो सूर्याकडे जणू दूरचा तारा असल्यासारखं बघतो. तिथे शोधायचा आहे तो शुक्र, जो आहे हे सगळ्यांना आधीच माहीत आहे.