डीव्हीडी रेकॉर्डरच्या फाईली कापायच्या कशाने?

घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर भरलेल्या डिस्क कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत. घेता घेता मधल्या जाहिराती, जुन्या टेपवरून भरताना टेप संपल्यावर उरलेला निळा पडदा, रिमोट सापडेपर्यंत उगाच रेकॉर्ड झालेली दोन मिनिटं छाटून टाकायची आहेत. काम एवढंच. पण 'चांगलं एडिटिंग सॉफ्टवेअर कुठलं?' असं विचारलं की जी नावं पुढे येतात ती बहुतेक सिनेमाच्या संकलनासाठी बनलेली असतात. रंग सुधारा, शीर्षकं फिरवा, एकावर एक थर चढवा. ती वाईट नाहीत, फक्त या कामाची नाहीत. ती आधी तुमची फाईल पूर्ण उलगडतात आणि शेवटी सगळंच्या सगळं चित्र नव्याने दाबून (कॉम्प्रेस करून) लिहितात. तुम्हाला हवं आहे असं सॉफ्टवेअर, जे कापायच्या जागा सोडून बाकी कशालाही हात लावणार नाही. माझ्या लेखी निवडीचा पहिला निकष हाच.

हा हट्ट कशासाठी, ते कळायला डिस्कच्या आत डोकवावं लागतं. डीव्हीडीवर चित्र एमपेग-२ या दाबण्याच्या पद्धतीने साठवलेलं असतं. पाल (आपल्याकडच्या टीव्हीच्या) पद्धतीच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके. न दाबता ठेवलं तर एका चित्राला साधारण ६२२ किलोबाइट लागतात आणि सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे ४.७ गिगाबाइटच्या अख्ख्या डिस्कवर जेमतेम पाच मिनिटं मावतील. रेकॉर्डर मात्र दोन तासांच्या एसपी मोडमध्ये सरासरी २५ किलोबाइटच्या आसपास एक चित्र बसवतो. चार तासांच्या एलपी मोडमध्ये त्याच्याही निम्म्यात. म्हणजे मूळ माहितीतली बरीचशी रेकॉर्डिंगच्या वेळीच गेली आहे. जे उरलंय ते पुन्हा एकदा दाबायचं की नाही, एवढंच आता आपल्या हातात आहे.

एवढी बचत होते कशी? सगळी चित्रं पूर्ण लिहिलेली नसतात. अधूनमधून एक चित्र स्वयंपूर्ण असतं, त्याला आय-फ्रेम म्हणतात. त्यानंतरच्या पी-फ्रेममध्ये फक्त आधीच्या चित्रापासूनचा फरक असतो, आणि मधल्या बी-फ्रेम तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांच्या आधाराने बनतात. जमाखर्चाच्या वहीत प्रत्येक पानावर 'मागील पानावरून पुढे' अशी रक्कम असते, तसं हे आहे. मागचं पान फाडलं की पुढच्या हिशोबाला अर्थ राहत नाही. आय-फ्रेमपासून सुरू होणाऱ्या अशा गटाला जीओपी म्हणतात. पाल डीव्हीडीत तो जास्तीत जास्त १५ चित्रांचा, म्हणजे ०.६ सेकंदाचा असतो. जाहिरात नेमकी आय-फ्रेमवर संपेल असा योग क्वचितच येतो. तुम्ही गटाच्या सातव्या चित्रावर कात्री लावली, की तिथून पुढची चित्रं निराधार होतात आणि पुढची आय-फ्रेम येईपर्यंत पडद्यावर चौकोनी ठोकळ्यांचा नाच दिसतो.

यात आणखी एक मेख आहे. फाईलमधला चित्रांचा क्रम आणि पडद्यावरचा क्रम एकच नसतो. बी-फ्रेमला पुढचं चित्र आधी ठाऊक असावं लागतं, म्हणून ते आधी लिहिलं जातं. कित्येक गटांत तर आय-फ्रेमच्याही आधी दिसणाऱ्या दोन बी-फ्रेम असतात आणि त्या आधीच्या गटातल्या शेवटच्या चित्रावर विसंबून असतात. म्हणजे आय-फ्रेमवर बरोब्बर कापूनसुद्धा पहिली दोन चित्रं बिघडू शकतात. ही अडचण एमपेग-२ ठरवणाऱ्यांना माहीत होती. फाईल हेक्स एडिटरमध्ये (कच्चे बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडून ००, ००, ०१, बी८ असे चार बाइट शोधले, तर तो गटाचा मथळा सापडतो. त्यात वेळेच्या आकड्यांनंतर एकेका बिटाच्या दोन खुणा आहेत. पहिली सांगते, हा गट बंदिस्त आहे का, म्हणजे मागच्या गटावर अवलंबून नाही ना. दुसरी सांगते, इथे दुवा तुटलेला आहे, या बी-फ्रेम दाखवू नका. ही दुसरी खूण केवळ कापाकापी करणाऱ्यांसाठी ठेवलेली आहे. नीट बनवलेलं सॉफ्टवेअर कापताना ती खूण लावून ठेवतं. गबाळं सॉफ्टवेअर तिकडे बघतही नाही.

तर कापण्याच्या तऱ्हा तीन. पहिली, फक्त आय-फ्रेमवर कापायचं आणि बाकी डेटा जसाच्या तसा उतरवायचा. चित्राचा दर्जा कणभरही ढळत नाही, पण कात्री अर्धाएक सेकंद इकडेतिकडे पडते. दुसरी तऱ्हा 'स्मार्ट रेंडरिंग'ची: कापलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे गट तेवढे उलगडून नव्याने दाबायचे, उरलेलं तसंच ठेवायचं. दोन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये १,८०,००० चित्रं असतात. दहा ठिकाणी कापलं तर नव्याने दाबावी लागणारी चित्रं फार तर तीनशे, म्हणजे सहाशेत एक. नेमक्या चित्रावर कापता येतं आणि नुकसान डोळ्याला दिसत नाही. तिसरी तऱ्हा म्हणजे सगळंच पुन्हा एन्कोड करणं, म्हणजे उलगडून नव्याने दाबणं.

तिसरीत बिघडतं काय, तेही बघू. एमपेग-२ चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनातले बारकावे ढोबळ आकड्यांत बसवतं. जुन्या व्हीएचएस टेपवरून भरलेल्या चित्रात आधीच मुंग्यांसारखा गोंगाट असतो. तो दर चित्रात बदलतो, त्यामुळे दाबणाऱ्याला तो सगळ्यात महाग पडतो. रेकॉर्डरने त्या गोंगाटाचे चौकोन करून ठेवलेत, चेहऱ्यांच्या कडांना डाग आणलेत. आता दुसऱ्यांदा दाबताना सॉफ्टवेअर त्या चौकोनांच्या कडा आणि ते डाग हेच खरं चित्र समजून इमानेइतबारे जपायला जातं. त्यात बिट खर्ची पडतात आणि खरा बारकावा आणखी पुसला जातो. एलपी मोडच्या रेकॉर्डिंगमध्ये हे चटकन दिसतं, उघड्या आकाशात किंवा भिंतीच्या सपाट रंगात तर फारच.

चित्राचं झालं, पण लोक वैतागतात ते आवाजामुळे. ओठ हलतात एकीकडे आणि शब्द ऐकू येतात दुसरीकडे. डीव्हीडीवरचा प्रत्येक तुकडा ९०,००० टिक म्हणजे एक सेकंद अशा घड्याळावर चालतो. पाल चित्र ३,६०० टिकांचं, म्हणजे ४० मिलिसेकंदांचं. डॉल्बी डिजिटल आवाजाची एक फ्रेम १,५३६ नमुन्यांची, म्हणजे २,८८० टिकांची, ३२ मिलिसेकंदांची. दोन्हींच्या कडा जुळतात त्या दर १६० मिलिसेकंदांनी. एरवी कुठेही कापलं तरी आवाज थोडा आधी किंवा थोडा नंतर तुटणार, त्याला इलाज नाही. चांगलं सॉफ्टवेअर ती चूक पुढच्या जोडावर वसूल करतं. वाईट सॉफ्टवेअर सोडून देतं. दहा जोडांवर दर वेळी १६ मिलिसेकंद एकाच दिशेला साचले की १६० होतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे असला की प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागतं. म्हणजे कार्यक्रमाची सुरुवात ठीक वाटते आणि शेवटाकडे मंडळी डब केलेल्या सिनेमातल्यासारखी बोलू लागतात.

याच घड्याळाचा आणखी एक घोळ आहे. रेकॉर्डरवर आज एक तास, उद्या चाळीस मिनिटं असं भरलं की दर नव्या रेकॉर्डिंगला घड्याळ पुन्हा शून्याच्या आसपास जातं. डिस्कवरच्या व्हीओबी फाईली (चित्र आणि आवाज यांच्यातच असतो) मात्र सुमारे एक गिगाबाइट झाली की तोडलेल्या असतात. कार्यक्रम कुठे संपतो याच्याशी त्या तोडण्याचा संबंध नाही. कुठला कार्यक्रम कुठून कुठपर्यंत, हे आयएफओ फाईलमध्ये लिहिलेलं असतं (शेजारची बीयूपी फाईल ही तिचीच प्रत). त्यामुळे व्हीओबी उचलून 'एमपीजी' असं नाव बदलण्याची युक्ती चालते तेव्हा चालते. नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या वेळेची वजाबाकी करून सॉफ्टवेअर दोन तासांच्या फाईलची लांबी वीस मिनिटं सांगतं. असं दिसलं की फाईल खराब झाली म्हणून घाबरू नका. आयएफओ वाचणारं सॉफ्टवेअर घ्या. मेकएमकेव्ही हे काम नेटकं करतं: आयएफओ बघून प्रत्येक शीर्षक वेगळं काढतं आणि चित्राला धक्का न लावता एमकेव्ही फाईलमध्ये ठेवतं.

डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातल्यावर कोरीच दिसली, तर ती बहुधा 'फायनलाइज' केलेली, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी बंद केलेली नसते. रेकॉर्डर जिवंत असेल तर आधी त्याच्यावरच ते उरका. आणि व्हिडिओ_टीएस फोल्डरऐवजी डीव्हीडी_आरटीएव्ही दिसलं, तर रेकॉर्डिंग व्हीआर मोडमध्ये, म्हणजे रेकॉर्डरवरच कापाकापी करता येणाऱ्या पद्धतीत आहे. तिथे सगळी रेकॉर्डिंग एकाच व्हीआरओ फाईलमध्ये एकापाठोपाठ असतात. रेकॉर्डरवर तुम्ही केलेली कापाकापी, बनवलेली यादी हे सगळं शेजारच्या आयएफओमध्ये नोंदलेलं असतं. व्हीआरओ तेवढी उचलली तर रिमोटने उडवलेल्या जाहिरातीसुद्धा परत भेटू शकतात. एका रेकॉर्डिंगमधून दुसऱ्यात जाताना चित्राचा आकार मध्येच ७२० वरून ३५२ ठिपक्यांवर येऊ शकतो आणि फाईल एकसारखी आहे असं गृहीत धरणारी सॉफ्टवेअर तिथेच मान टाकतात. डीव्हीडी-व्हीआर नावाचं छोटं कमांडचं साधन आयएफओ वाचून व्हीआरओचे कार्यक्रमवार तुकडे करतं. दिसायला अगदी ओबडधोबड आहे, पण आपलं काम चोख करतं.

आता नावं. पैसे न मोजता सुरुवात करायची तर ॲव्हिडेमक्स. चित्र आणि आवाज दोन्ही 'कॉपी'वर ठेवा. खाली प्रत्येक फ्रेमचा प्रकार आय, पी की बी ते दिसतं, आय बघून सुरुवातीची खूण करा. लॉसलेसकट वापरायला त्याहून सोपं आहे. आत एफएफएमपेगच काम करतं, त्यामुळे वेग डिस्कच्या वेगाइतका. ही दोन्ही मुख्यतः पहिल्या तऱ्हेतली. नेमक्या फ्रेमवर कात्री हवी असेल आणि डिस्कचा ढीग मोठा असेल, तर टीएमपीजीएन्क एमपेग स्मार्ट रेंडरर विकत घेणं मला पटतं. एकदोन डिस्कसाठी मात्र कशाला? जाहिरातीचं अर्ध्या सेकंदाचं शेपूट राहिलं तर राहू द्यावं. हँडब्रेकचं नाव सगळे घेतात, पण ते नेहमी नव्याने एन्कोडच करतं. मोबाईलवर बघायची छोटी प्रत बनवायला ते उत्तम, जपून ठेवायच्या प्रतीसाठी नाही.

ती छोटी प्रत बनवतानाच 'डीइंटरलेस' करायचं (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करायची), आधी नाही. रेकॉर्डरचं चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचं असतं, सेकंदाला ५० अर्धी चित्रं. कॉम्प्युटरवर हलत्या वस्तूंच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात ते त्यामुळे. ते दात म्हणजे बिघाड नव्हे, त्यात हालचालीची खरी माहिती आहे. मूळ प्रतीत त्या ओळी तशाच ठेवाव्यात. पुसायच्या पद्धती दर काही वर्षांनी सुधारत असतात, आणि एकदा पुसलेल्या ओळी परत आणता येत नाहीत. चित्राची रुंदी-उंचीही मूळ आकड्यांवरच राहू द्यावी. ७२० गुणिले ५७६ हे ४:३ किंवा १६:९ दाखवायचं, ते फाईलमधल्या एका खुणेवरून प्लेअर ठरवतो.

सॉफ्टवेअर पसंत करण्याआधी त्याची परीक्षा मात्र घ्या, आणि त्यासाठी ढिगातली सगळ्यात त्रासदायक डिस्क निवडा: एलपी मोडची, चारपाच तुकड्यांत भरलेली. आधी तिची पूर्ण प्रत हार्डडिस्कवर घ्या. वाचताना अडखळत असेल तर डीडीरेस्क्यूने, कारण ते बिघडलेली जागा ओलांडून आधी चांगला भाग उतरवतं आणि मग मागे वळून उरलेल्या जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतं. मग सातआठ ठिकाणी कापा. वेळ किती लागला ते बघा; काही मिनिटांत उरकलं तर बहुधा चित्राला हात लागलेला नाही, अर्धाएक तास पंखा घोंघावत राहिला तर नक्की लागलाय. आकार तपासा. एसपी मोडचं एक मिनिट साधारण ३९ मेगाबाइटचं असतं, एलपीचं त्याच्या निम्मं. एलपीमधली दहा मिनिटं काढली तर फाईल दोनशेएक मेगाबाइटने उतरायला हवी. एकदम अर्धी झाली किंवा उलट वाढली, तर सॉफ्टवेअरने तुम्हाला न विचारता सगळं नव्याने लिहिलं आहे. प्रत्येक जोड मागेपुढे करून पाहा, ठोकळे दिसतात का. आणि शेवटची पाच मिनिटं जरूर बघा, कुणीतरी कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलत असेल अशी जागा शोधून.