विश्वासू सेवकांचा सन्मान

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायात, दीर्घकाळ निष्ठेने सेवा केलेल्या व्यक्तींचा मंडळीने जाहीरपणे केलेला गौरव. पाळक (धर्मगुरू), वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) आणि डिकन (त्यांचे मदतनीस सेवक) यांच्याबरोबरच शब्बाथ शाळेचे, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाचे, शिक्षक, पेटी वाजवणारे, आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करणाऱ्या बाया आणि देवळाची घंटा वाजवणारा हेही यात येतात. मराठी मंडळ्यांत ‘सेवक’ हा शब्द लवचीक आहे. पाळकसाहेब देवाचे सेवक, तसा झाडलोट करणारा शिपाईही सेवकच. सत्काराच्या यादीत मात्र पहिले नाव कधी चुकत नाही आणि दुसरे पुष्कळदा राहून जाते.

या प्रथेला आधार बायबलच्या नव्या करारातला आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:१७) चांगला कारभार करणारे वडील, विशेषतः उपदेश व शिक्षणासाठी श्रम घेणारे, दुप्पट सन्मानास योग्य मानले आहेत. इथला मूळ ग्रीक शब्द ‘तिमे’. त्याचा अर्थ मान असाही होतो आणि मोल असाही. लगेच पुढच्या वचनात मळणीच्या बैलाला मुसके बांधू नको ही जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली आज्ञा येते आणि कामकऱ्याच्या मजुरीची गोष्ट निघते. म्हणजे लेखकाच्या मनात नुसता हारतुरा नव्हता, सेवकाची चूलही होती. फिलिप्पैच्या मंडळीने प्रेषित पौलाला मदत पोचवायला पाठवलेला एपफ्रदीत आजारी पडून मरता मरता वाचला. त्याला परत पाठवताना पौल मंडळीला बजावतो की अशांचा मान राखा (फिलिप्पैकरांस पत्र २:२९). रोमकरांच्या पत्राचा सोळावा अध्याय तर जवळजवळ नावांचीच यादी आहे. तिची सुरुवात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिच्यापासून होते.

सोलापुरात प्रॉटेस्टंट मंडळीची पायाभरणी अमेरिकन मराठी मिशनने केली. मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरात १८३१ मध्ये पोचलेले हे मिशन १८६० च्या दशकात सोलापुरात स्थिरावले. त्याच्या आधीच, १८५४-५५ मध्ये, मिशनच्या अमेरिकेतील मंडळाचे सचिव रूफस अँडरसन भारतात येऊन गेले होते. मंडळी स्वशासित, स्वावलंबी आणि स्वप्रसारक असावी, हा त्यांचा आग्रह. स्वावलंबी म्हणजे सरळ भाषेत असे की देशी पाळकाचा पगार मंडळीने द्यावा, त्यासाठी अमेरिकेकडे पाहू नये. कल्पना चोख होती; पण गरीब कुटुंबांच्या मंडळीला ती महागात पडणारी होती आणि तिची झळ लागायची पाळकाच्या घराला. सन्मानाचा प्रश्न मराठी मंडळ्यांत वर्गणीच्या वहीशी जोडला गेला तो असा.

याचाच दुसरा चेहरा म्हणजे कापणीचा सण. ज्वारीची कणसे, शेंगा, अंडी, कोंबडी, घरचे लोणचे वेदीपुढे मांडतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. लिंबाच्या जोडीला भाजीबाजारात कोणी देणार नाही एवढी बोली लागते आणि घेणारा तीच जोडी परत लिलावात टाकतो. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी, म्हणजे पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली, उभी राहिली आणि हे गाव पगाराच्या तारखेवर जगू लागले. शहरी मंडळीत कणसाच्या जागी पाकीट येणे ओघानेच आले.

आजचा सत्कार बहुधा रविवारच्या उपासनेला जोडून होतो. निमित्त निवृत्तीचे, बदलीचे किंवा सेवेच्या पंचविशीचे असते. अमेरिकेतून आलेली ऑक्टोबरातील ‘पाळक कृतज्ञता’ काही ठिकाणी पाळली जाते. शाल चालते, श्रीफळावर मात्र मते वेगळी पडतात. नारळ पूजेचा म्हणून काही मंडळ्या तो टाळून बायबल किंवा पुष्पगुच्छ देतात, तर काहींना त्यात महाराष्ट्राच्या रीतीपलीकडे काही दिसत नाही. सोलापुरात या वादावर घरचीच तोड आहे, ती म्हणजे चादर. शालीची घडी कपाटात जाते, चादर अंथरुणावर येते. जाड विणीची, भौगोलिक मानांकन मिळालेली ही चादर खांद्यावर टाकली की म्हातारा माणूस वजनाने किंचित वाकतो आणि मागच्या बाकावरची पोरे हसतात. पाळकीणबाईंना साडी मिळते. त्यांनी पाहुण्यांसाठी किती वर्षे भाकऱ्या थापल्या, याचा हिशेब अहवालात नसतो.

सन्मानाला विरोध करणारा सूरही शास्त्रातच आहे. सांगितलेले सगळे केल्यावरही ‘आम्ही निरुपयोगी दास आहोत’ असे म्हणा, असे येशू शिष्यांना सांगतो (लूक १७:१०), आणि त्याच्या एका दाखल्यातली (बोधकथेतली) ‘शाबास, भल्या व विश्वासू दासा’ ही दाद धन्याच्या तोंडची आहे, मंडळीच्या नव्हे. म्हणूनच जुन्या वळणाचे सेवक सत्काराला उत्तर देताना अवघडतात. दोन वाक्ये बोलून ते गीत सुरू करतात, बहुधा फार वरच्या पट्टीत, आणि पेटीवाला पहिले कडवे संपेपर्यंत त्यांचा सूर शोधत राहतो.