शहराचे स्वावलंबन आणि त्याच्या मर्यादा

1965 साली अमेरिकी अभियंता एबल वोल्मन यांनी शहराला चयापचय असते, अशी मांडणी केली. पाणी, अन्न आणि इंधन आत येते; सांडपाणी, कचरा आणि धूर बाहेर पडतो. ही दोन टोके एकमेकांना जोडणे म्हणजे स्वयंपूर्ण शहराची रचना करणे. मात्र प्रत्येक ओघ सारख्याच सहजतेने जोडता येत नाही.

पाण्याचे काम त्यातल्या त्यात सोपे, कारण वापरल्याने पाणी संपत नाही, मलिन होते. नामिबियाची राजधानी विंडहोक येथे 1968 पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळले जाते. ओझोन, सक्रिय कार्बन आणि सूक्ष्म पटलांची गाळणी अशा अनेक टप्प्यांतून ते जाते.

ऊर्जेचे तसे नाही. वापरलेली वीज अखेर उष्णता होऊन विरते, ती परत गोळा करता येत नाही. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे 1000 वॅट ऊन पडते आणि सौर पॅनेल त्याच्या साधारण पाचव्या हिश्शाची वीज करते. छपरावर अशी पॅनेल बसवली, तर ते छप्पर एकमजली घराला पुरेल. वीस मजली इमारतीत मात्र तेवढेच छप्पर वीस मजल्यांत वाटले जाते. म्हणून खरी बचत वास्तुरचनेत शोधावी लागते. हरारे येथील 1996 च्या ईस्टगेट सेंटरमध्ये वास्तुविशारद मिक पिअर्स यांनी रात्रीच्या गार हवेचा थंडावा जाड काँक्रीटमध्ये साठवून तो दिवसा वापरला. ही कल्पना वाळवीच्या वारुळावरून सुचलेली. वारुळात हवा कशी खेळते याविषयीची तेव्हाची समजूत पुढे अपुरी ठरली, पण इमारतीचे त्यावाचून काही अडले नाही.

सर्वांत अवघड अन्न. पिके उन्हातील जेमतेम एखादा टक्का ऊर्जा साठवतात, त्यामुळे गच्चीवर भाजीपाला निघतो, धान्य नाही. दिव्यांखाली गहू पिकवायचा, तर शेताहून अधिक जागा पॅनेलनाच लागते.

संपूर्ण स्वावलंबनाचा सर्वांत धाडसी प्रयोग 1991 मध्ये ॲरिझोनात झाला. बायोस्फिअर 2 या सुमारे 1.27 हेक्टरच्या काचबंद वास्तूत आठ माणसे दोन वर्षांसाठी राहायला गेली. मातीतील सूक्ष्मजीव अपेक्षेपेक्षा अधिक ऑक्सिजन वापरू लागले. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांनी घेतला असता, तर तेवढा ऑक्सिजन परतला असता. पण उघड्या काँक्रीटनेच त्याचा बराचसा भाग शोषून कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात बंदिस्त केला. हवेतील ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून सुमारे 14 टक्क्यांपर्यंत उतरला, आणि 1993 च्या आरंभी तो बाहेरून आत सोडावा लागला.