स्वादुपिंडाच्या द्वीपकांतील पेशी-संदेशन

स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचकरस तयार करतो. त्यात विखुरलेले पेशींचे लहान पुंजके मात्र संप्रेरके थेट रक्तात सोडतात. पॉल लांगरहान्स यांनी विद्यार्थीदशेत, १८६९ मध्ये, या पुंजक्यांचे वर्णन केले. त्यांवरून त्यांना 'लांगरहान्स द्वीपके' म्हणतात. ग्रंथीच्या वजनात त्यांचा वाटा एक-दोन टक्क्यांचाच. त्यांतील बीटा पेशी रक्तशर्करा उतरवणारे इन्शुलिन, आल्फा पेशी ती वाढवणारे ग्लुकागॉन आणि डेल्टा पेशी सोमॅटोस्टॅटिन स्रवतात. पीपी व एप्सिलॉन पेशी संख्येने थोड्या असतात.

बीटा पेशीतील साखळी सर्वांत चांगली उलगडली आहे. ग्लुकोज पेशीत शिरले की ग्लुकोकायनेज हे विकर त्याच्यावर पहिली क्रिया करते. ग्लुकोज किती आहे याचे मोजमाप खरे तर इथेच होते. पुढे एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे प्रमाण वाढते, एटीपी-संवेदी पोटॅशियम मार्ग (पेशीपटलातील पोटॅशियमची दारे) मिटतात, पेशीपटलावरील विद्युत्‌दाब बदलतो, कॅल्शियम आत येते आणि इन्शुलिनच्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) रिकाम्या होतात. सल्फोनिलयुरिया गटाची मधुमेहाची औषधे हेच मार्ग मिटवतात, तेही ग्लुकोजची वाट न पाहता. म्हणून त्यांनी रक्तशर्करा नको तितकी उतरू शकते.

आल्फा पेशीतही हेच पोटॅशियम मार्ग आहेत आणि तिचे ग्लुकागॉनही कॅल्शियममुळेच सुटते. तरी ती ग्लुकोज कमी असताना जागी असते आणि वाढल्यावर गप्प होते. याचे एक स्पष्टीकरण असे: आल्फा पेशीत हे मार्ग आधीच बहुतांशी मिटलेले असतात. उरलेलेही मिटले की पेशीपटलाचे विध्रुवण (आतल्या-बाहेरच्या बाजूंतील विद्युत फरक घटणे) इतके वाढते की सोडियम मार्ग निकामी होतात, विद्युत्‌स्पंद खुजे पडतात आणि कॅल्शियम पुरेसे आत येत नाही. मात्र या मुद्द्यावर संशोधकांत एकमत नाही. काहींच्या मते आल्फा पेशीला आवरण्याचे मुख्य काम शेजारच्या पेशींचे स्राव करतात.

या शेजाराला महत्त्व आहेच. डेल्टा पेशींचे सोमॅटोस्टॅटिन आल्फा आणि बीटा या दोन्ही पेशींतील सीएएमपी (पेशीच्या आत संदेश पोचवणारा रेणू) घटवून स्राव रोखते. उलट ग्लुकागॉन बीटा पेशीत सीएएमपी वाढवते आणि इन्शुलिनला हातभार लावते. बीटा पेशी एकमेकींना कनेक्सिन-३६ च्या सूक्ष्म जोडमार्गांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे त्यांचे विद्युत्‌स्पंद तालात चालतात. उंदराच्या द्वीपकात बीटा पेशी गाभ्यात आणि आल्फा पेशी कडेला असतात. माणसात त्या बऱ्याच मिसळलेल्या असल्याने उंदरावरचे निष्कर्ष सरसकट माणसाला लावता येत नाहीत.

दोन पेशींतील फरक अ‍ॅड्रेनॅलिनच्या बाबतीत सर्वांत ठळक दिसतो. शरीरावर ताण आला की हे एकच संप्रेरक इन्शुलिन थांबवते आणि ग्लुकागॉन वाढवते. कारण बीटा पेशीवर त्याचे आल्फा-२ ग्राही (संप्रेरकाचा संदेश टिपणारी प्रथिने) असतात, ते सीएएमपी घटवतात. आल्फा पेशीवर बीटा ग्राही असतात, ते सीएएमपी वाढवतात. (ग्राहींची नावे आणि पेशींची नावे यांचा परस्परांशी काही संबंध नाही, वाचकाचा गोंधळ हमखास होतो.)

आतड्यातून येणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाचे ग्राही बीटा पेशींवर भरपूर, आल्फा पेशींवर मात्र जवळजवळ नसतात. तरीही ते ग्लुकागॉन घटवते. हा परिणाम निदान काही अंशी डेल्टा पेशींच्या सोमॅटोस्टॅटिनमार्फत होतो, असे मानले जाते.