युका पतंग (जोशुआ वृक्षावरील)

खवलेपंखी कीटकांच्या प्रोडॉक्सिडी कुलातील टेजेटिक्युला वंशाच्या दोन जाती. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटातील जोशुआ वृक्षाचे (युका वंशातील झाड, यु. ब्रेव्हिफोलिया) परागण केवळ याच दोन जाती करतात. युकांवरचे बहुतेक पतंग पांढरे असतात. हे मात्र काळपट-करडे, अरुंद पंखांचे आणि साधारण सेंटिमीटरभर लांबीचे आहेत.

वंशनामाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. सेंट लुईस येथे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमान यांच्या निरीक्षणावरून कीटकशास्त्रज्ञ सी. व्ही. रायली यांनी १८७२ मध्ये पहिला युका पतंग प्रोन्यूबा या वंशात वर्णिला. हे नाव एका भुंगेऱ्याच्या वंशाला आधीच दिलेले असल्याने त्सेलर यांचे टेजेटिक्युला (१८७३) ग्राह्य धरले गेले. जोशुआ वृक्षावरील पतंगाला रायली यांनी १८९२ मध्ये सिंथेटिका हे जातिनाम दिले आणि पुढे शतकभर तेथे ही एकच जाती मानली जात होती. पेल्मिर व सेग्रेव्ह्ज यांनी २००३ मध्ये पूर्वेकडील, आकाराने लहान पतंग टे. अँटिथेटिका म्हणून वेगळा केला.

दोहोंत डोळ्यांना दिसणारा फरक आकारापलीकडे फारसा नाही. खात्रीची खूण म्हणजे मादीचा अंडनिक्षेपक (अंडी घालण्याची नळी): अँटिथेटिकात तो आखूड असतो. मादी किंजलातून (फुलाच्या स्त्रीकेसराच्या दांड्यातून) अंडनिक्षेपक खुपसून तळाच्या किंजपुटातील बीजकांपर्यंत (ज्यांच्या पुढे बिया होतात) अंडी पोहोचवते आणि पूर्वेकडील झाडांचा किंजलही आखूडच असतो. ही झाडे मॅकेल्वी यांनी १९३५ मध्ये यु. ब्रेव्हिफोलियाचा प्रकार म्हणून नोंदवली. लेन्झ यांनी २००७ मध्ये त्यांना यु. जेगेरियाना ही स्वतंत्र जाती मानले. प्रत्यक्षात झाड ओळखले की पतंग ओळखला असे म्हणता येते. नेव्हाडातील टिकाबू खोऱ्यात मात्र दोन्ही झाडे व दोन्ही पतंग एकत्र आढळतात आणि ही सोय उरत नाही.

पतंगांचे विभाजन डीएनएच्या अंदाजानुसार सुमारे दहा-अकरा लाख वर्षांपूर्वीचे असावे. फूल व पतंग परस्परांच्या दबावाने बदलले, की एकाच भौगोलिक अडथळ्याने दोघेही दुभागले, याविषयी मतभेद आहेत. झाडांची फारकत पतंगांच्या आधीची असल्याचे पुरावे पाहता केवळ अडथळ्याचे स्पष्टीकरण अपुरे वाटते.

मादीच्या जंभिकांना (तोंडाच्या अवयवांना) मुडपता येणारे संस्पर्शक (बोटांसारखे अवयव) असतात. त्यांनी ती पराग गोळा करते आणि त्याचा गोळा डोक्याखाली धरून दुसऱ्या फुलाकडे जाते. तेथे अंडी घातल्यावर गोळ्यातील थोडा पराग किंजल्काच्या (किंजलाच्या टोकाच्या) खोबणीत कोंबते. अळ्या काही बिया खातात, उरलेल्या रुजण्यास राहतात. अमेरिकेबाहेरच्या बागांत बहुतेक युकांना हाताने परागण केल्याशिवाय बी धरत नाही (यु. ॲलॉइफोलिया अपवाद), याचे कारण तेथे असे पतंग नसणे हेच.

पूर्ण वाढलेली अळी फळ पोखरून बाहेर पडते व जमिनीत कोश करते. फुलोरा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो, पण दरवर्षी सारखा नसतो. सुप्तावस्था त्यामुळेच एकाहून अधिक वर्षे लांबू शकते. याच कुलातील प्रोडॉक्सस वंशाच्या एका जातीत ती तीस वर्षांपर्यंत टिकल्याची पॉवेल यांची नोंद आहे.