माँटेसरी शाळेतील दिनक्रम व सामुदायिक जीवन

इटालियन वैद्य व शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी (३१ ऑगस्ट १८७० – ६ मे १९५२) यांच्या पद्धतीने चालणाऱ्या बालशाळेतील रोजचे व्यवहार हा या नोंदीचा विषय आहे. स्वच्छता, मांडामांड, जेवण वाढणे, झाडांची व प्राण्यांची निगा, सामूहिक खेळ आणि पालकांशी येणारा संबंध यांचा त्यात समावेश होतो. इंद्रियशिक्षणाची साधने, अक्षरओळख व गणन यांचा उल्लेख दिनक्रमाच्या ओघात येईल तेवढाच केला आहे.

या पद्धतीची पहिली शाळा, ‘कासा देई बांबीनी’ म्हणजे ‘बालघर’, ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या मजूरवस्तीत, व्हिया देई मार्सी या रस्त्यावरील ५८ क्रमांकाच्या इमारतीत सुरू झाली. वस्तीतल्या जुन्या इमारती दुरुस्त करून त्या कामगार कुटुंबांना भाड्याने देणाऱ्या एका स्थावर मालमत्ता संस्थेने ती काढली होती व संस्थेचे संचालक एदुआर्दो तालामो यांचा त्यात पुढाकार होता. आईबाप कामावर गेले की शाळेत जाण्याच्या वयाची न झालेली मुले जिन्यांत व अंगणात मोकाट फिरत आणि नव्याने रंगवलेल्या भिंती खराब करीत. दुरुस्तीवर होणारा खर्च वाचवून त्यातच शाळा चालवावी, असा हा व्यवहारी हिशेब होता. शाळेचा जन्म एका भाडेकरूंच्या इमारतीत झाला, ही गोष्ट तिच्या सामुदायिक स्वरूपाचा विचार करताना दुय्यम मानता येत नाही. बालघर रहिवाशांच्या सामाईक मालकीचे समजले जाई आणि शिक्षिकेने त्याच इमारतीत राहावे, अशी अपेक्षा असे. भिंतीवर लावलेल्या नियमावलीनुसार प्रवेशाला शुल्क नव्हते, मात्र मुलांना वेळेवर, अंग व कपडे स्वच्छ करून आणि एप्रनसह पाठवणे, शिक्षिकेचा मान राखणे आणि आठवड्यातून निदान एकदा तिची भेट घेऊन मुलाविषयी बोलणे हे आयांवर बंधनकारक होते. अस्वच्छ येणाऱ्या किंवा न आवरणाऱ्या मुलांना, तसेच ज्यांचे पालक शाळेच्या कामात अडथळा आणतील त्यांच्या मुलांना काढून टाकण्याची तरतूदही तीत होती. या पद्धतीवरील पुढच्या काळातील लेखनात मुलाच्या स्वातंत्र्यावर जेवढा भर दिला जातो, त्या मानाने या कडक नियमावलीचा उल्लेख विरळाच आढळतो.

दिनक्रमाचा सर्वांत जुना तपशीलवार आराखडा माँटेसरींच्या १९०९ मधील ग्रंथात मिळतो. तो हिवाळ्यासाठी असून शाळेची वेळ सकाळी ९ ते दुपारी ४ अशी दिली आहे. पहिल्या तासात आगमन, अभिवादन, वैयक्तिक स्वच्छतेची पाहणी, एकमेकांना एप्रन घालण्या-काढण्यास मदत, खोलीतली धूळ पुसली आहे का व वस्तू जागेवर आहेत का हे पाहणे, आदल्या दिवशी काय घडले याविषयी गप्पा आणि धार्मिक पाठ येतात. १० ते ११ हा काळ बौद्धिक व इंद्रियविषयक कामासाठी, त्यानंतरचा अर्धा तास डौलदार चालणे, रांगेत चालणे, नमस्कार करणे, वस्तू हळुवार ठेवणे अशा साध्या हालचालींसाठी आणि ११.३० ते १२ जेवणासाठी राखला आहे. पुढे एक तास मुक्त खेळ व एक तास मार्गदर्शनाखालचे खेळ असून या दुसऱ्या तासात मोठी मुले पाळीपाळीने खोली झाडतात, पुसतात व साधने लावून ठेवतात. २ ते ३ मातीकाम, रेखाटन यांसारखी हस्तकला, तर शेवटच्या तासात सामूहिक व्यायाम, गाणी आणि झाडांची व प्राण्यांची देखभाल होते.

या आराखड्याचा आजच्या ‘अखंड कार्यकाळा’शी मेळ कसा घालावयाचा, हा अभ्यासकांतील मतभेदाचा मुद्दा आहे. अलीकडच्या माँटेसरी शाळांत सकाळचे सुमारे तीन तास कोणतीही घंटा न होता, मुलाने स्वतः निवडलेल्या कामासाठी मोकळे ठेवले जातात आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्था हे पद्धतीचे व्यवच्छेदक लक्षण मानतात. उलट १९०९ च्या आराखड्यात बौद्धिक कामाला जेमतेम एक तास आहे आणि तोही छोट्या विश्रांतींनी तोडलेला आहे. काहींच्या मते हा आराखडा शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या व तत्कालीन शिशुशाळांच्या रूढीला दिलेली सवलत होती, तर काहींच्या मते माँटेसरींचे विचारच पुढे बदलले. ग्रंथात हे वेळापत्रक ‘प्रस्तावित’ म्हणून दिले आहे, हे ध्यानात घेता त्यावरून प्रत्यक्ष व्यवहाराचा काटेकोर अंदाज बांधणे धोक्याचे ठरेल. १९१६ च्या सुमारास माँटेसरींनी मुलांच्या कामाचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांनुसार मूल आल्यावर आधी एखादे सोपे, ओळखीचे काम घेते, १० च्या आसपास वर्गात चुळबुळ वाढते, शिक्षिकेला मुले दमली असे वाटते आणि नेमक्या त्यानंतरच दिवसातले सर्वांत अवघड व प्रदीर्घ काम सुरू होते. या चुळबुळीला त्यांनी खोटा थकवा मानले. शिक्षिकेने त्या क्षणी मध्ये पडून सर्वांना एकत्र खेळायला बोलावले, तर पुढचे काम होतच नाही, हे निरीक्षण अखंड कार्यकाळाच्या कल्पनेमागे असावे, हा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो.

वर्गाची मांडणीही अनुभवातून घडत गेली. आरंभी साधने मोठ्या कपाटात कुलूपबंद असत व शिक्षिका ती वाटून देई. एकदा तिला यायला उशीर झाला आणि आदल्या दिवशी कपाटाला कुलूप लावायचेही राहून गेले होते. आल्यावर पाहते तो मुलांनी कपाट उघडून आपापले साधन घेतलेले होते व कामाला लागलीही होती. शिक्षिकेला ही चोरी वाटली, माँटेसरींनी मात्र ती निवड मानली आणि पुढे मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी फडताळे आली. त्यांच्या जोडीला हलकी मेजे, लहान खुर्च्या व कमी उंचीची हात धुण्याची जागा आली. हे सामान मुद्दामच हलके असे. मूल वेडेवाकडे हलले की खुर्ची कलंडते, चिनी मातीची बशी निसटली की फुटते आणि चूक शिक्षिकेने न सांगताच कळते. प्रत्येक साधनाचा सामान्यतः एकच संच ठेवण्याची प्रथाही याच विचारातली आहे. दुसऱ्याच्या हातात असलेली पेटी हवी असेल तर तो ती जागेवर ठेवीपर्यंत थांबावे लागते.

घरगुती कामांना शाळेच्या शिक्षणक्रमात स्थान देण्याचे श्रेय कोणाला द्यावे, यावर इटलीत दीर्घकाळ वाद झाला असून तो अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. रोझा व कारोलीना आगाझ्झी या भगिनींनी ब्रेशियाजवळील मोम्पियानो येथे १८९५-९६ च्या सुमारास सुरू केलेल्या शिशुशाळेत हातपाय धुणे, कपडे घालणे, बाग राखणे व मोठ्या मुलाने लहानाला सांभाळणे या गोष्टी दिनक्रमाचा गाभा होत्या. ब्रेशियाचे शालेय अधिकारी पिएत्रो पास्क्वाली यांचा त्यांना पाठिंबा होता. मुलांच्या खिशात सापडणाऱ्या बटणे, दोरे, खडे अशा चिल्लर वस्तूंचा संग्रहच त्यांनी शिक्षणसाधन म्हणून वापरला. १८९८ च्या तुरीन येथील शिक्षणपरिषदेत रोझा आगाझ्झी आणि माँटेसरी या दोघींनीही भाषणे केली होती. त्यामुळे माँटेसरींना मोम्पियानोच्या प्रयोगाची कल्पना होती, असे आगाझ्झींचे पक्षपाती मानतात. दुसरा पक्ष असे दाखवतो की, बटणे, हुका व नाड्या लावण्याचा सराव मुलांना देणाऱ्या, कापड बसवलेल्या चौकटींची परंपरा एद्वार सेगँ या फ्रेंच वैद्याकडे जाते. मतिमंद मुलांसोबत काम करताना माँटेसरींनी सेगँ व त्याचे गुरू झां इतार यांचे लेखन बारकाईने अभ्यासले होते आणि हे त्यांनी स्वतः वारंवार नमूद केले आहे. दोन्ही बाजूंचा विचार करता कामांचा विषय त्या काळच्या शिशुशाळांत रुळलेला होता, मात्र प्रत्येक कामाचे लहान लहान टप्प्यांत पृथक्करण करून ते एकट्या मुलाला सावकाश, जवळजवळ न बोलता करून दाखवण्याची रीत सेगँच्या वळणाची आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला जवळचे दिसते. मोम्पियानोत हेच व्यवहार घरातल्यासारखे, बोलत-चालत व एकमेकांच्या मदतीने होत.

हात धुण्याचा पाठ या रीतीचे चांगले उदाहरण आहे. बाही दुमडणे, तसराळ्यात पाणी ओतणे, हात ओले करणे, साबण लावून बोटांच्या बेचक्या घासणे, पाणी टाकणे, हात पुसणे आणि शेवटी सांडलेले पाणी फडक्याने टिपणे, असा क्रम ठरलेला असतो. मूल तो पुरा करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, कित्येकदा हात स्वच्छ झाल्यानंतरही.

सामुदायिक अंग सर्वाधिक स्पष्ट दिसते ते जेवणाच्या वेळी. चार वर्षांची मुले सुऱ्या, काटे व चमचे मांडतात, पाण्याचे पेले ठेवलेले तबक घेऊन मेजांमधून फिरतात आणि गरम सूपाचे मोठे भांडे न सांडता नेतात, असे वर्णन माँटेसरींनी केले आहे. २८ डिसेंबर १९०८ च्या मेस्सिना येथील भूकंपात अनाथ झालेली सुमारे साठ मुले रोममधील व्हिया जुस्ती येथील फ्रान्सिस्कन जोगिणींच्या मठात ठेवली होती. तेथील शाळेत जेवणाच्या टेबलाला, बागेला व टापटिपीला विशेष महत्त्व आले. शाळेत शिजवलेले अन्न मिळण्याची सोय ज्या शाळांत नव्हती, तेथे हे अंग साहजिकच दुबळे राहिले.

सर्वांनी मिळून करावयाच्या गोष्टींत जमिनीवर आखलेल्या लंबवर्तुळाकार रेषेवरून चालणे व शांततेचा खेळ या दोन प्रसिद्ध आहेत. दुसऱ्याचा उगम माँटेसरींनी सांगितला आहे तो असा : अंगणात एका आईच्या हातातली चार महिन्यांची तान्ही मुलगी घेऊन त्या वर्गात गेल्या आणि हिच्याइतके स्तब्ध राहून दाखवा, असे त्यांनी मुलांना गमतीने सांगितले. मुलांनी श्वासही इतका हलका केला की घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. पुढे या शांततेचा उपयोग मुलांचे कान तपासण्यासाठी झाला. शिक्षिका मागे किंवा शेजारच्या खोलीत उभी राहून एकेकाचे नाव कुजबुजते आणि ते मूल चवड्यांवर चालत तिच्याकडे जाते. एकाने जरी खुर्ची सरकवली तरी सगळ्यांची शांतता मोडते, म्हणून या खेळाला सामूहिक संयमाचा पाठ मानले गेले.

या शाळांत व्यक्तिगत कामाचे प्रस्थ फार आहे, असा आक्षेप अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्ये घेतला. मुलांना एकत्र येऊन काही योजण्याची संधी साधनांच्या कामात पुरेशी मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. साधनांपुरता हा आक्षेप खोडणे अवघड आहे. मात्र किलपॅट्रिक यांनीही दैनंदिन व्यवहारांच्या कामांचे मोल मान्य केले होते आणि तीन वर्षांचे अंतर असलेली मुले एकाच वर्गात असल्याने मोठ्याने लहानाची नाडी बांधून देण्यासारखे प्रसंग दिवसभर घडतच असतात.

भारतात या दिनक्रमाला वेगळे वळण भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत मिळाले. वकिली सोडून शिक्षणक्षेत्रात आलेले गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू केले. लहान वयात अद्भुत कथा सांगण्याविषयी माँटेसरी साशंक होत्या. गिजुभाईंनी मात्र गोष्टी, नाट्य व लोकगीते यांना मोठा वाव दिला. १९२३ मध्ये तेथे आलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी पुढे १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार व १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन केले. बोर्डीत गरीब घरांतली मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या वस्तीत, घरांपुढच्या अंगणात नेण्यात आली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, माती व पाने वापरण्यात आली. दिवसाची सुरुवात मुलांना गोळा करणे, आंघोळ घालणे, केस विंचरणे व नखे कापणे यांनी होई. सान लोरेंझोत जे काम नियमावलीने आयांवर टाकले होते, ते येथे ताईंनी म्हणजे शाळेतल्या शिक्षिकांनी उचलले. १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या सोबतीने आदिवासी पाड्यांत ते वाढले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा सुरू झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील ‘अंगणवाडी’ हे नाव या प्रयोगावरून आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

माँटेसरी स्वतः नोव्हेंबर १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यारला आल्या. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांचे पुत्र मारिओ यांना काही काळ अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले होते. १९४२ ते १९४४ या काळात कोडाईकनाल येथे वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र शिकत असताना वनस्पती व प्राणी यांच्या निरीक्षणाला दिनक्रमात मोठे स्थान मिळाले आणि सहा वर्षांपुढील मुलांसाठीचा अभ्यासक्रम तेथे आकाराला आला.

महाराष्ट्रातील शहरांत ‘माँटेसरी’ हे नाव कोणत्याही पूर्वप्राथमिक वर्गाला सर्रास दिले जाते. असे वर्ग बहुधा दोन-तीन तासांचे असतात, जेवण म्हणजे घरून आणलेला डबा असतो आणि सांडलेले पुसण्याचे काम अनेक ठिकाणी मुलांऐवजी शाळेतल्या मावशी करतात.